सातवा कप

टेबलावर वीस कप, एकाच थैलीतले.
थैलीवर नाव नाही, आकडा: एकशे बारा.
चौथ्या मिनिटाला चमच्याच्या पाठीने मी साय मोडते,
नाक इतकं खाली नेते
की शेंड्याला कॉफी लागते.
हीच माझी नोकरी, कायान्झात, पत्र्याच्या छपराखाली:
भुरका मारायचा, जिभेवर फिरवायचा,
तस्तात थुंकायचा,
आणि कागदावर लिहायचं
जर्दाळू, काळा चहा, संत्र्याची साल.

जर्दाळू मी पहिल्यांदा खाल्ला तो इथेच,
प्रशिक्षणात, बशीतून, वास पाठ करायला.

सातव्या कपाला बटाट्याचा वास येतो.
कच्च्या, आत्ताच सोललेल्या, ओल्या बटाट्याचा.

आकड्यामागची टेकडी मला ठाऊक असायला नको.
पण थैलीची गाठ मी ओळखते.
अशी दुहेरी गाठ पेर्पेतुआ आत्याच मारते:
शेळीला, सरपणाला, औषधाच्या पुडीलासुद्धा.

एकशे चौसष्ट झाडं तिची.
एकाच फांदीवर एक बोंड लाल, शेजारचं हिरवंगार,
म्हणून त्याच झाडाकडे सहा-सहा खेपा.
पाटी डोक्यावर, दोन टेकड्या उतरून हौदावर.
तरंगेल ते काढून टाका, बुडेल ते आपलं.
साल सुटते. रात्रभर आंबतं.
पहाटे गारठ्यात अकरा बायका
एकमेकींचे खांदे धरून
पोटरीभर दाण्यांत तुडवत राहतात,
आणि कुणाच्या तरी नवऱ्याचं हसू होतं.
मग माचावर वीस दिवस.
ऊन चढलं, झाका. ढग आला, झाका. दव पडायच्या आत झाका.
लेकरांना इतकं पांघरूण कधी मिळालं नव्हतं.
आणि निवडणं:
फुटका, काळा, किडका, शंखासारखा वळलेला.
बोटं आपली चालतात, तोंडं आपली.

पण बटाट्याचा दाणा बोटांना कळत नाही.
केव्हातरी, बोंड हिरवं असताना,
पानाआडच्या ठिपकेदार ढेकण्याने
एक टोच मारलेली असते. एवढंच.
वरून दाणा अगदी सज्जन.
दळल्याशिवाय बोलत नाही.

मी कागदावर एक शब्द लिहिला.
त्या शब्दाने थैली वरच्या फळीवरून खालच्या फळीवर गेली.
भाव फळीप्रमाणे.

रविवारी उरलेले भाजलेले दाणे घेऊन मी टेकडी चढले.
“दाखव,” आत्या म्हणाली, “काय चुकलं ते.”
उभ्या आयुष्यात तिने कॉफी प्यायली नव्हती.
उखळ पुसलं. एकेक मूठ वेगळी कुटली,
दर मुठीला वाकून हुंगलं.
पाचव्या मुठीला तो बोलला.

ज्वारीच्या पेजेचं पातेलं, लुगड्याचा तुकडा गाळायला,
दोन पेले.
एकात पाचवी मूठ, एकात बाकीच्या.
दोन्ही तिने फुंकून, शेवटपर्यंत प्यायले.
पाचवीच्या पेल्यावर बोट टेकवून म्हणाली,
“हा आपल्या घरातला आहे.
तो दुसरा कुणाचा?”

“तोही तुझाच, आत्या.
वीसातले एकोणीस तसेच होते.”

रिकामा पेला तिने पुन्हा नाकाशी नेला.
“कशाचा वास म्हणायचा हा?”
“जर्दाळूचा.”
“म्हणजे काय?”

मी हातांनी आकार करून दाखवला.
एवढा. पिवळसर. आत एक बी.
तिने मान डोलावली, जशी डोलावतात
परगावच्या माणसाने आपल्या गावचा रस्ता सांगितला की.

मग उठली. अंधारायला आलं होतं.
चुलीपाशी टोपली ओढून बसली,
आणि सुरीखाली पहिली साल सुटली
तशी ती अख्खी खोली त्या वासाने भरली,
आणि माझा हात
खिशातलं पेन शोधू लागला.